युबी ब्लेक: एकाच रॅगची बावन्न वर्षं

युबी ब्लेक हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय रॅगटाइम पियानोवादक आणि संगीतकार. त्याच्याबद्दलचे प्रश्न थोडक्यात असे आहेत. युबी ब्लेकच्या नावावर १९१७ पासून थेट १९७० च्या दशकापर्यंतची ध्वनिमुद्रणं सापडतात, त्यांतली कोणती ऐकावीत? त्याचा जन्म १८८३ चा की १८८७ चा? म्हातारपणी केलेल्या एलपींना संगीत म्हणून किंमत आहे की त्या नुसत्या आठवणी म्हणून जपायच्या? आणि ज्याच्या पंजात जेमतेम एक सप्तक मावतं, अशा विद्यार्थ्याने त्याच्या रचना वाजवायला घ्याव्यात का?

मी पियानो शिकवतो, रॅगटाइम वाजवतो (डाव्या हाताचा पक्का ठेका आणि उजव्या हाताचे ठेक्याबाहेरचे घाव अशी ही जुनी अमेरिकन शैली; तिच्यातली रचना म्हणजे रॅग) आणि जुन्या तबकड्या ऐकण्यात माझ्या आयुष्याचा बराच वेळ गेला आहे. त्यामुळे उत्तर लांबेल, पण मुख्य गोष्ट आधीच सांगतो. ब्लेकची एकच रचना घ्या, ‘चार्ल्स्टन रॅग’. ती १९१७ च्या पियानो रोलवर, म्हणजे यंत्राच्या पियानोला वाजवायला लावणाऱ्या भोकांच्या कागदावर, ऐका, १९२१ च्या तबकडीवर ऐका आणि मग १९६९ च्या एलपीवर ऐका. वाजवणारा माणूस तोच आणि रचनाही तीच, पण मधे बावन्न वर्षं गेलेली. रॅगटाइमच्या जगात असा पुरावा दुसऱ्या कोणाचाही नाही. रॅगटाइमचा सर्वांत प्रसिद्ध रचनाकार स्कॉट जॉप्लिन १९१७ च्या एप्रिलमध्ये गेला तेव्हा त्याच्या मागे एकही तबकडी नव्हती. १९१६ मध्ये केलेले थोडे रोल आहेत, पण त्यांत कारखान्यातल्या माणसांनी एवढी भर घातली आहे की जॉप्लिनची बोटं कुठे संपतात आणि कारखाना कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही. दुसरा मोठा रॅग-रचनाकार जोसेफ लॅम्ब थेट १९५९ मध्ये, ब्रुकलिनमधल्या स्वतःच्या घरी ध्वनिमुद्रित झाला आणि पुढच्याच वर्षी गेला. ब्लेक मात्र तरुणपणी सापडतो आणि म्हातारपणीही सापडतो.

जन्माच्या सालाबद्दल. ब्लेक स्वतः ७ फेब्रुवारी १८८३ सांगायचा आणि त्याच हिशेबाने १९८३ मध्ये त्याची शंभरी साजरी झाली. त्यानंतर पाचच दिवसांनी, १२ फेब्रुवारीला, तो ब्रुकलिनमध्ये गेला. पण १९०० ची अमेरिकन जनगणना, पासपोर्ट आणि सरकारदरबारचे इतर कागद सगळे १८८७ सांगतात. माझ्या मते कागद बरोबर आहेत. म्हणजे तो शहाण्णव वर्षांचा होऊन गेला. याचा परिणाम एका महत्त्वाच्या ठिकाणी होतो. ‘चार्ल्स्टन रॅग’ आपण १८९९ मध्ये रचली असं तो सांगत असे. कागद खरे धरले तर तेव्हा तो बारा वर्षांचा होता. बाराव्या वर्षी मूळ कल्पना सुचली असेलही. पण आज आपण ऐकतो ती पूर्ण रचना त्या वयाची आहे असं मला वाटत नाही, कारण तिच्यातला डावा हात मोठ्या माणसाचा आहे. ती कागदावर उतरली १९१५ च्या सुमारास आणि ऐकू येईल अशा रूपात आली १९१७ मध्ये.

तो बॉल्टिमोरचा. आई-वडील दोघंही गुलामगिरीत जन्मलेले, वडील गोदीत हमाली करणारे. भावंडं बरीच झाली, पण जगला हा एकटाच. चार-पाच वर्षांचा असताना आईबरोबर बाजारात गेला, तिचा हात सोडून एका वाद्यांच्या दुकानात शिरला आणि ऑर्गनसमोरच्या बाकावर चढून वाजवू लागला. दुकानदाराने आईला गळ घातली आणि पंचाहत्तर डॉलरचा ऑर्गन आठवड्याला पंचवीस सेंटच्या हप्त्याने घरी आला. आपल्याकडे संगीत नाटकांत जो पायाने भाता मारायचा ऑर्गन असे, त्याच जातीचं हे वाद्य. पियानोचा सूर वाजवल्यावर विरत जातो. ऑर्गनचा सूर पट्टी दाबलेली असेपर्यंत टिकतो. या वाद्यावर वाढलेल्या मुलाला खालचा सूर धरून ठेवायची सवय लागते. ब्लेकचा डावा हात इतका भरीव का वाटतो याचं एक कारण मला तिथे दिसतं.

शेजारच्या मार्गारेट मार्शल नावाच्या बाई चर्चमध्ये ऑर्गन वाजवत, त्यांनी त्याला धडे दिले. घरात आई अतिशय धर्मनिष्ठ, रॅगटाइमचं नाव काढलं तरी चिडणारी. पंधरा वर्षांचा असताना तो अ‍ॅगी शेल्टन नावाच्या बाईच्या वेश्यागृहात रात्री वाजवू लागला. रात्री सगळे झोपले की खिडकीतून बाहेर पडायचं, पंचवीस सेंट देऊन लांब विजार भाड्याने घ्यायची आणि वाजवायला बसायचं. हे उघडकीस कसं आलं ते ब्लेक स्वतः सांगत असे. चर्चमधल्या कोणी बाई रात्री त्या घरावरून जात होत्या, त्यांनी पियानो ऐकला आणि आईला येऊन सांगितलं की हा तुमच्याच मुलाचा हात, कारण खालचे सूर असे हेलकावत दुसरं कोणी वाजवत नाही. वडिलांनी जाब विचारला तेव्हा त्याने सतरंजीखाली साठवलेले पैसे दाखवले. वडिलांनी ते पाहिले आणि आईशी आपण बोलतो म्हणाले.

ही हकीकत मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, कारण तिच्यात वादनाचं मर्म आहे. भिंतीपलीकडून, रस्त्यावरून, फक्त डाव्या हातावरून माणूस ओळखू आला. ब्लेक ऐकताना उजव्या हाताच्या चमकदार गोष्टींकडे कान जातोच. तो तिथून काढून खाली न्यायचा.

पुढे १९०७ मध्ये जो गॅन्सने बॉल्टिमोरमध्ये गोल्डफील्ड हॉटेल काढलं. गॅन्स हा मुष्टियुद्धातला पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन जगज्जेता. आदल्या वर्षी नेवाडातल्या गोल्डफील्ड गावी त्याने मोठी लढत जिंकली होती, तेच नाव हॉटेलला दिलं. तिथे ब्लेक नेमाने वाजवू लागला. उन्हाळ्यात अटलांटिक सिटीला जायचं, तिथल्या हॉटेलांत वाजवायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पियानोवाल्यांना ऐकायचं. या पूर्व किनाऱ्यावरच्या मंडळींची रॅगटाइमची समजूत जॉप्लिनपेक्षा वेगळी होती. जॉप्लिन छापील स्वरांवर लिहून ठेवायचा की हे जलद वाजवू नका. पूर्वेकडे एकमेकांना हरवायची चुरस असे. वेग, मोठे पल्ले, अवघड पट्ट्या, प्रसिद्ध कूचगीतं रॅगमध्ये फिरवून दाखवणं. ‘वन-लेग’ विली जोसेफ नावाचा एक पाय गमावलेला पियानोवादक होता. त्याच्याबद्दल ब्लेक जन्मभर भक्तीने बोलत असे. विलीने एकही ध्वनिमुद्रण मागे ठेवलं नाही. जेसी पिकेटनेही नाही. पिकेटची ‘द ड्रीम’ ब्लेकने लक्षात ठेवली आणि म्हातारपणी वाजवली. तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे येतं: म्हातारपणच्या त्या एलपींत ब्लेक एकटा नाही, ज्यांच्यापर्यंत ध्वनिमुद्रणाचं यंत्र कधी पोहोचलंच नाही ती माणसंही त्यांत आहेत.

१९१४ मध्ये न्यूयॉर्कच्या जोसेफ स्टर्न कंपनीने त्याच्या ‘चेव्ही चेस’ आणि ‘फिझ वॉटर’ छापल्या. या बऱ्या रचना आहेत, पण घरोघरी वाजवता याव्यात म्हणून सोप्या ठेवलेल्या. ‘चार्ल्स्टन रॅग’चं नशीब वेगळं निघालं. विल मॅरियन कुक हा मोठा कृष्णवर्णीय संगीतकार. त्याने ती ऐकली, तिला ‘साउंड्स ऑफ आफ्रिका’ हे नाव दिलं आणि ब्लेकला शर्मर या प्रतिष्ठित प्रकाशकाकडे नेलं. ब्लेकच्या सांगण्यानुसार व्यवहार जवळजवळ ठरला होता. तेवढ्यात तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं की एका पट्टीतून दुसरीत जाताना मधे पूल का बांधलेला नाही. कुक भडकला आणि सगळं तिथेच मोडलं. पण तो प्रश्न ध्यानात ठेवून रचना ऐकाच. पट्टी खरोखरच अचानक बदलते आणि त्या उडीनेच अंगावर काटा येतो.

आता ध्वनिमुद्रणं. १९१७ मध्ये दोन गोष्टी झाल्या. पाथे कंपनीसाठी ब्लेकच्या त्रयीने तबकड्या केल्या आणि अ‍ॅम्पिकोसाठी त्याने ‘चार्ल्स्टन रॅग’चा रोल केला. पाथेच्या त्या काळच्या तबकड्यांत सुई आडवी न हलता वर-खाली हलते. साध्या यंत्रावर लावल्या तर फक्त खरखर ऐकू येते. म्हणून त्यांचं रूपांतर जाणकाराने केलेलं असेल तरच ऐका. रोल म्हणजे भोकं पाडलेला कागद. यंत्र तो वाचतं आणि खऱ्या पियानोच्या पट्ट्या दाबतं. अ‍ॅम्पिकोचं यंत्र सुरांचा जोरही काही प्रमाणात साठवत असे, म्हणून हा रोल इतर साध्या रोलांपेक्षा बराच वरचा. तरी दोन गोष्टी विसरू नयेत. कागद किती वेगाने फिरवायचा हे लावणाऱ्याच्या हाती असतं. आज ऐकायला मिळतात त्यांतल्या काही प्रती हास्यास्पद जलद आहेत. आणि कागदावर नंतर भोकं वाढवता येतात, चुकलेला सूर सुधारता येतो. म्हणून रोलवरून ब्लेकची लय ठरवू नये. रचनेचा आराखडा, कुठे कोणती सुरावळ येते, डाव्या हातात काय आहे, हे समजायला मात्र रोल उत्तम, कारण त्यात सगळे सूर स्वच्छ ऐकू येतात.

त्याच सुमारास तो आणि गायक नोबल सिसल जेम्स रीस युरोपच्या गोतावळ्यात होते. सिसल आणि ब्लेकची भेट १९१५ मध्ये बॉल्टिमोरच्या रिव्हरव्ह्यू पार्कात झाली आणि त्यांचं पहिलंच गाणं सोफी टकर या गायिकेने गायलं. युरोप हा न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय वादकांचा संघटक आणि मोठा वाद्यवृंदप्रमुख. मुंबईशी या गोष्टीचा एक खरा धागा आहे. युरोपच्या वाद्यवृंदाने १९१३-१४ मध्ये व्हिक्टरसाठी तबकड्या केल्या तेव्हा त्यात कॉर्नेट वाजवणारा क्रिकेट स्मिथ १९३६ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात स्वतःचा बँड घेऊन वाजवत होता, आणि त्याच्याबरोबर पियानोवर टेडी वेदरफर्ड होता. वेदरफर्डचा डावा हात याच परंपरेतला. तो पुढे कलकत्त्याला गेला आणि १९४५ मध्ये तिथेच वारला. ताजमध्ये या लोकांना ऐकणाऱ्या आणि त्यांच्याबरोबर वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांमार्फत हा ठेका पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांपर्यंत गेला. यावर कोणी स्वतंत्रपणे लिहावं असं मला फार वाटतं.

पहिल्या महायुद्धात युरोप आणि सिसल सैन्यात गेले, ब्लेक मागे राहिला. युद्धाहून परतल्यावर थोड्याच दिवसांत, ९ मे १९१९ रोजी, बॉस्टनमध्ये युरोपला त्याच्याच ढोलवादकाने भोसकलं आणि तो गेला. सिसल आणि ब्लेक दोघंच रंगमंचावर उतरले. चेहऱ्याला काळं फासण्याची चाल तेव्हा कृष्णवर्णीय कलावंतांवरही लादली जात असे. हे दोघं मात्र उत्तम सूट घालून आले, एकाने गायलं, दुसऱ्याने वाजवलं.

मग ‘शफल अलाँग’ हे संगीत नाटक. फ्लोर्नॉय मिलर आणि ऑब्री लाइल्स यांची संहिता, सिसलचे शब्द, ब्लेकचं संगीत. २३ मे १९२१ रोजी न्यूयॉर्कच्या ६३ व्या रस्त्यावरच्या नाट्यगृहात सुरू झालं आणि ५०४ प्रयोग झाले. पॉल रोबसन, जोसेफिन बेकर, फ्लॉरेन्स मिल्स अशी मंडळी या ना त्या टप्प्यावर त्यात होती. वाद्यवृंदात विल्यम ग्रँट स्टिल ओबो वाजवत होता. पहिल्या प्रयोगाची धास्ती ‘लव्ह विल फाइंड अ वे’ या प्रेमगीताची होती. दोन कृष्णवर्णीय पात्रं मनापासून प्रेमगीत गातात हे गोऱ्या प्रेक्षकांना रुचेल का, दगड पडतील का, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बाकीचे तिघं मागच्या दाराशी पळायच्या तयारीत उभे होते आणि ब्लेक वाद्यवृंदाच्या खड्ड्यात पियानोपाशी अडकलेला. लोकांनी ते गाणं पुन्हा गायला लावलं. ‘आय अ‍ॅम जस्ट वाइल्ड अबाउट हॅरी’ ब्लेकने आधी तीन मात्रांच्या वॉल्ट्झमध्ये बांधलं होतं. नायिका लॉटी जीने हट्ट धरला की अशा नाटकात वॉल्ट्झ चालणार नाही, लय बदल. त्याने नाखुशीनेच बदलली. वाजवणाऱ्यांनी हा प्रयोग करून पाहावा: तीच चाल तीन मात्रांत संथ वाजवा. ती किती हळवी आहे ते कळतं, आणि दोन मात्रांच्या रूपात तो हळवेपणा खाली कुठे दडला आहे तेही ऐकू येऊ लागतं.

१९२१ च्या जुलैत, नाटक जोरात चालू असताना, ब्लेकने एमर्सन कंपनीसाठी ‘साउंड्स ऑफ आफ्रिका’ या नावाने तीच रॅग एकट्याने वाजवली. त्याच महिन्यात व्हिक्टरसाठी वाद्यवृंदासह ‘बॉल्टिमोर बझ’ आणि ‘बँडाना डेज’. एमर्सनची ही तबकडी माझ्या मते त्याच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांत पहिल्या क्रमांकाची.

ती ऐकताना त्या काळचं तंत्र ध्यानात घ्यावं लागतं. १९२५ पूर्वी तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन वापरत नसत. भल्यामोठ्या कर्ण्यासमोर वाजवायचं, कर्ण्यातून आलेली हवेची थरथर सुईला हलवणार आणि सुई मेणात चर पाडणार. पियानोचे सर्वांत खालचे सूर या मार्गात बहुतेक हरवतात. हलका स्पर्श तर नोंदलाच जात नाही. म्हणून त्या काळचा प्रत्येक पियानोवादक जरा ठोकून वाजवतो आहे असं वाटतं. तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावतात, म्हणून आवर्तनं गाळलेली असतात. आणि तबकड्यांवर ७८ लिहिलेलं असलं तरी त्या काळी वेगाचं प्रमाण पक्कं नव्हतं. रूपांतर करणाऱ्याने वेग नीट जुळवला नसेल तर पट्टी वर-खाली होते. पियानो समोर असेल तर तबकडीबरोबर एक सूर वाजवून पाहा. दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी सूर लागत असेल तर ते रूपांतर सोडून द्या.

एवढे सगळे अडथळे असूनही या तबकडीत डावा हात ऐकू येतो, हेच नवल. पहिल्याच भागात डावा हात सप्तकाची जोडी एकदम न दाबता तोडून वाजवतो, आधी एक टोक, मग दुसरं, आणि ही जोडी अर्ध्या-अर्ध्या सुराने खाली उतरत जाते. बॉल्टिमोरच्या रस्त्यावर त्या बाईंनी ओळखलेला हेलकावा तो हाच असावा, असं मी मानतो. उजवा हात ठेक्याच्या अलीकडे-पलीकडे घाव घालत असतो आणि डाव्याचा उतार मात्र जराही डगमगत नाही. पुढे बुगी-वुगी या पियानोवरच्या ब्लूजच्या शैलीत जो चालता खर्ज लोकप्रिय झाला, त्याची चाहूल इथे १९२१ मध्ये, आणि रोल धरला तर १९१७ मध्ये, स्पष्ट लागते.

आणखी एक पुरावा चित्रपटाचा आहे. ली डी फॉरेस्टने १९२३ मध्ये फिल्मच्या पट्टीवरच ध्वनी नोंदवण्याची आपली युक्ती न्यूयॉर्कमध्ये लोकांना दाखवली. त्या छोट्या बोलपटांत सिसल आणि ब्लेक आहेत. प्रसिद्ध बोलपटांचं युग १९२७ मध्ये सुरू झालं असं आपण म्हणतो, त्याच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट. शिकणाऱ्याने हा तुकडा आवाज बंद करूनही एकदा पाहावा. खांदे किती स्थिर आहेत आणि हात पट्ट्यांच्या किती जवळ राहतात, ते बघा.

१९२५-२६ मध्ये दोघं युरोपखंडात गेले, लंडनमध्येही त्यांनी तबकड्या केल्या. १९२७ मध्ये जोडी फुटली. सिसलला युरोपातच राहायचं होतं, ब्लेकला नको होतं. १९३० च्या ‘ब्लॅकबर्ड्स’ या प्रयोगासाठी अ‍ॅन्डी रझाफच्या शब्दांवर ब्लेकने ‘मेमरीज ऑफ यू’ ही चाल केली. ती गायिका मिंटो केटोच्या मोठ्या पल्ल्याच्या आवाजासाठी बांधलेली आहे, म्हणून पहिल्याच ओळीत पायऱ्या चढल्यासारखी वर जाते. आपल्यापैकी बहुतेकांनी ती बेनी गुडमनच्या क्लॅरिनेटवर ऐकलेली असते. १९३१ मध्ये वाद्यवृंदाबरोबर काही तबकड्या झाल्या. या तबकड्या मी कोणाला आग्रहाने सुचवणार नाही. त्यांत पियानोवादक ब्लेक फार थोडा सापडतो.

मग जवळजवळ पाव शतक फारसं काही नाही. मंदीत तबकड्यांचा धंदा कोसळला, नंतर स्विंगचा जमाना आला आणि रॅगटाइम म्हणजे आजोबांचं संगीत झालं. पहिली पत्नी अ‍ॅव्हिस, स्वतः अभिजात पियानो शिकलेली, १९३० च्या दशकाच्या अखेरीस क्षयाने गेली. दुसऱ्या महायुद्धात तो सैनिकांसाठी बँड घेऊन फिरला. १९४५ मध्ये मॅरियन टायलरशी लग्न केलं. पुढची सगळी व्यवस्था तिने हाती घेतली आणि त्याचं उतारवय सावरलं. साठीला आल्यावर तो न्यूयॉर्क विद्यापीठात विद्यार्थी म्हणून दाखल झाला आणि शिलिंगर पद्धतीने, म्हणजे गणिताच्या आधाराने, रचनाशास्त्र शिकला. हे मला त्याच्या आयुष्यातलं सर्वांत सुंदर पान वाटतं. ब्रॉडवेवर पाचशे प्रयोग चाललेल्या नाटकाचा संगीतकार वर्गात बसून गृहपाठ करतो आहे. त्या शिक्षणातून ‘डिक्टीज ऑन सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यू’ ही रॅग निघाली. तिचे सुरांचे संच त्याच्या तरुणपणच्या रचनांहून स्पष्टपणे वेगळे आहेत. १९४८ मध्ये हॅरी ट्रुमनच्या निवडणूक प्रचारात ‘हॅरी’चं ते जुनं गाणं घुमलं आणि लोकांना ब्लेकची आठवण झाली.

१९५८-५९ मध्ये ट्वेंटीएथ सेंच्युरी फॉक्ससाठी दोन एलपी झाल्या, एक रॅगची आणि एक कूचगीतांची. सोबत क्लॅरिनेट, गिटार, बास, ड्रम. वादक उत्तम आहेत, पण साथीमुळे डावा हात झाकला जातो. बास वाजवायला माणूस असताना ब्लेकच्या डाव्या हाताला काम कमी उरतं. म्हणून या एलपी आनंदासाठी ऐका, अभ्यासासाठी नकोत.

अभ्यासासाठी १९६९ ची कोलंबियाची जोड-एलपी. निर्माता जॉन हॅमंड. १९६८ च्या अखेरीपासून १९६९ च्या सुरुवातीपर्यंत ध्वनिमुद्रण झालं आणि नाव ठेवलं ‘युबी ब्लेकची शहाऐंशी वर्षं’ या अर्थाचं. १८८३ च्या हिशेबाने शहाऐंशी, कागदांच्या हिशेबाने ब्याऐंशी. ब्याऐंशी हे वय मला मुळीच कमी वाटत नाही. यात ‘चार्ल्स्टन रॅग’ आहे, ‘ट्रबलसम आयव्हरीज’ आहे, पिकेटची ‘ड्रीम’ आहे, बारा पट्ट्यांतून फिरणारी एक ब्लू रॅग आहे, आणि काही ठिकाणी सिसल पुन्हा गायला आला आहे. बोटं अधूनमधून शेजारच्या पट्टीवर पडतात, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण १९२१ मध्ये जे कर्ण्याने गिळलं ते इथे मिळतं: खर्जाचं वजन, हलक्या आणि जड स्पर्शातला फरक, एका भागातून दुसऱ्यात जाताना घेतलेला श्वास. शिवाय लय. तरुणपणची लय ताणलेली, पुढे ओढणारी. इथे ती ठेक्यावर रेलून बसते. एकीला खरी आणि दुसरीला खोटी ठरवायची गरज नाही. त्यामुळे या एलपींना संगीत म्हणून किंमत आहे का, याचं माझं उत्तर निःसंदिग्ध आहे: आहे, आणि कोलंबियाची ही जोडी नसती तर १९२१ ची तबकडी आपल्याला अर्धीच कळली असती.

१९७२ मध्ये त्याने स्वतःच्या नावाची ध्वनिमुद्रण कंपनी काढली आणि तिच्या एलपींवर ‘शफल अलाँग’च्या काळातल्या सोबत्यांना गायला बोलावलं, आयव्हन हॅरल्ड ब्राउनिंग त्यांतला एक. १९७३ मध्ये बफेलोच्या क्यूआरएस कंपनीसाठी पुन्हा रोल केले. १९७० च्या दशकातल्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांत बोलणं बरंच आहे. गोष्टी फार छान सांगतो, पण वादन कमी मिळतं. ते शेवटी ऐकावं. १९७५ च्या डिसेंबरात सिसल गेला. १९७८ मध्ये ब्लेकच्या गाण्यांवर ‘युबी!’ हा कार्यक्रम ब्रॉडवेवर आला आणि ४३९ प्रयोग चालला. १९८१ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते दिला जाणारा स्वातंत्र्यपदक हा सन्मान मिळाला.

आता लहान पंजाचा प्रश्न. ब्लेकचा पंजा विलक्षण मोठा होता, सप्तकापुढे आणखी चार पट्ट्या त्यात मावत. त्याचा शिष्य टेरी वाल्डो याने स्वरलिपीत उतरवलेल्या रचना पाहिल्या तर डाव्या हातात दहा पट्ट्यांचे पल्ले दिसतात आणि पालक घाबरतात. पण ‘चार्ल्स्टन रॅग’चा पहिला भाग लहान हाताला अडवत नाही. तिथे लागतं ते तोडलेलं सप्तक, म्हणजे करंगळी आणि अंगठा आळीपाळीने. त्यासाठी पंजा ताणायचा नाही, मनगट दाराच्या मुठीसारखं डावी-उजवीकडे फिरवायचं. बोटांनी मारायला गेलात तर दोन ओळींत कोपरापासून हात दुखू लागतो. दुखला की थांबायचं, तिथे जिद्दीचं काम नाही. आठवडाभर फक्त डावा हात, मेट्रोनोम लावून, बोलण्याइतक्या हळू आवाजात. अर्ध्या सुरांचा उतार सरळ रेषेत ऐकू आला की उजव्या हाताचे फक्त ठेक्याबाहेरचे घाव टाळीने द्यायचे, सूर वाजवायचे नाहीत. दोन्ही जमलं की मग सूर घ्यायचे.

दहा पट्ट्यांचे पल्ले जिथे येतात तिथे खालचा सूर ठेक्याच्या किंचित आधी घेऊन पेडलने धरायचा आणि वरचा ठेक्यावर टाकायचा. हे संथ लयीतच आधी शिकावं आणि त्यासाठी ‘मेमरीज ऑफ यू’सारखी दुसरी चीज नाही. पेडल मात्र प्रत्येक सुरावळीला बदलायचं. नाहीतर खर्ज एकमेकांत मिसळतो आणि मग ब्लेकचं काहीच शिल्लक राहत नाही. ‘ट्रबलसम आयव्हरीज’ला मी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना हात लावू देत नाही. तिच्यातल्या उड्या पूर्ण वाढलेल्या हातासाठी आहेत, आणि त्या उड्यांना पर्याय शोधला की रचना वेगळीच होते.